पाल्याला आमंत्रण

अर्क काढता येणार नाही अशी वस्तू या जगात अजून जन्माला आलेली नाही, यावर आमच्या दाजींची अढळ श्रद्धा आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतात आणि कोणत्या झाडपाल्याने सूज उतरते, कशात अँटिऑक्सिडंट दडलंय, हे शोधत फिरतात. घरच्या तुळशीची त्यांनी कधीच काडी करून टाकली आहे. ताईच्या मिक्सरमधून एकदा वाळलेला कडुनिंब फिरला, तेव्हापासून सहा महिने त्या घरातली शेंगदाण्याची चटणी कडू लागत होती. दाजी ती मिटक्या मारत खायचे आणि "पेशी तरुण राहतात" असं पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे आपल्या पेशी घेऊन लवकर उठायचे.

सुजलेला माणूस दिसला की दाजींचा चेहरा खुलतो. एकदा त्यांच्या अंगणात मला गांधीलमाशी चावली. ताई बर्फ आणायला धावली आणि दाजी शिंप्याची टेप आणायला. "पाव्हणं, काही लावू नका, आधीचं माप राहून जाईल!" माझा उजवा हात भोपळ्यासारखा फुगत होता आणि ते वहीत मिलिमीटर लिहीत होते. मग डाव्या हाताचंही माप घेतलं, तुलनेला. तेव्हापासून आमच्या नात्यात कुणाचा पाय मुरगळला तर ती बातमी दाजींपासून लपवतात.

पण या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक झुडूप आहे. मिरजगावला त्यांच्या शेताच्या बांधावर ते उगवतं. त्याचं लॅटिन नाव दाजी एका दमात घेतात, मला दोन दमांतही जमत नाही. दाजींच्या आई, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणायचो, त्याला नुसतं 'पाला' म्हणायच्या. सुजलेल्या पायांना बांधायला त्यांनी तो जन्मभर गावाला फुकट दिला. म्हातारपणी मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. "खरंच गुन येतो का रं, का लोकं माजं मन राखत्यात?" असं त्या लेकाला सारखं विचारायच्या. दाजींनी पाल्याची परीक्षा घ्यायचा विडाच उचलला.

पहिली चाचणी अँटिऑक्सिडंटची, ती साधी असते. गडद जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकायचे. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडून पिवळा होतो. मावशींच्या पाल्याने तो असा उडवला की दाजींनी कॉलेजभर पेढे वाटले आणि "आई, पाला पहिल्या नंबरात पास!" असं फोनवर ओरडले.

रविवारी ताई पाल्याची पिशवी धुवायला बसली. साबण लावला आणि पिशवी लाल झाली. "अहो, हिला एवढी हळद कशी लागली?"

दाजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाला तोडायच्या आदल्या दिवशी त्याला हळदकुंकू, अक्षता वाहून आमंत्रण द्यायचं, 'उद्या न्यायला येते, गुण दे' म्हणायचं, ही मावशींची रीत. या खेपेला तर पाला कॉलेजात परीक्षेला जायचा, म्हणून त्यांनी अख्खं झुडूप हळदीने माखलं होतं. वर बजावलं होतं, "धुऊ नगंस, गुन जातो." काचेच्या नळीवर बोटाचा ठसा दिसला तरी पोरांना बाहेर काढणाऱ्या या गृहस्थांनी आईचं ऐकून पाला तसाच वाळवला आणि कुटला. हळदीत तर हे गुण मूळचेच! पाला धुऊन पुन्हा चाचणी घेतली. जांभळं जांभळंच राहिलं.

दाजींना खोटं बोलता आलं असतं. मी तसं सुचवलंही. पण ते मला घेऊन मिरजगावला गेले आणि आईला सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे पाल्यात काईच न्हाई?"

"नाही गं आई. जे होतं ते हळदीत होतं."

मी जमिनीकडे बघत होतो. मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"मंग हळद कोन लावीत हुतं?"

दाजी इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हसतूस काय, लिव त्ये वहीत," मावशी म्हणाल्या.

मावशींना जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मिरजगावलाच माझा पाय मुरगळला, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. संध्याकाळी दाजी बांधाकडे गेले. मी ओट्यावरून बघत होतो. त्यांनी खिशातून पुडी काढली, त्या नापास झुडपाला हळद वाहिली, चार अक्षता टाकल्या आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून काहीतरी पुटपुटले. सकाळी तो पाला, न धुता, त्यांनी माझ्या घोट्याला बांधला. मला मावशींची फार आठवण आली. दाजी कितीतरी वेळ माझ्या पायावर हात ठेवून बसून राहिले. टेप त्यांच्या खिशातच होती. माप घ्यायचं ते विसरले, आणि मीही आठवण करून दिली नाही.