सुनावणीतले धोंडे

ती घटना आजही आठवते, आणि एकटा असलो तरी हसू फुटतं.

जामखेड तालुक्यातल्या एका गावी नव्या सरकारी रस्त्यासाठी जनसुनावणी होती. पर्यावरणावर काय परिणाम होईल, ते गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर मांडायचं होतं. रस्ता ओढ्यावर भराव टाकून जाणार होता, आणि गावची विहीर त्याच ओढ्याच्या पाण्यावर होती. बंदोबस्त माझ्याकडे होता.

आदल्या सकाळी खबऱ्याचा फोन आला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा गडी! "सायेब, उद्या घरटी धोंडे न्यायचं ठरलंय. बायाच पुढं हायेत."

दगडफेकीची खबर आली की सुनावणी पुढे ढकलण्याचा अहवाल द्यायचा, हे सोपं. पण मग गावाचं म्हणणं राहून जाणार. म्हणून आधी महिला हवालदाराला घेऊन बायकांच्या पुढारीण मावशींच्या ओट्यावर गेलो.

"मावशी, उद्या धोंडे आणणार?"

"व्हय."

"किती?"

"लई. पाट्या भरून."

इतकी झटपट कबुली मला उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

"कुणाला मारणार?"

मावशींनी तोंडाला पदर लावला. "मारायचे कशाला? खाऊ घालायचे! अधिक महिना हाय न्हवं? पुरनाचे धोंडे करून जावयाला जेवू घालत्यात. तुमच्याकडं न्हाई व्हय?"

मी कोकणातला. आमच्याकडे धोंडा म्हणजे दगडच. हवालदारबाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या.

"पण सुनावणीत कशाला?"

"मागं रस्त्याच्या बैठकीतनं सायेब लोक जेवायला म्हनून उठले, ते गेलेच. आमचं बोलनं ऱ्हायलं. आता जेवनच तिथं. सरकारचे जावई त्ये, धोंडे सोडून उठत्यात व्हय?"

मी बंदोबस्त कायम ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकारी घड्याळं बघू लागले, तोच तुपानं माखलेल्या धोंड्यांच्या पाट्या मांडवात आल्या. एकही जण उठला नाही. जेवणानंतर मावशी बोलल्या, मग सारा गाव बोलला. शेवटच्या माणसाचं म्हणणंही इतिवृत्तात उतरलं. पुढे आराखडा बदलला आणि भरावाच्या जागी पूल आला. ती बातमी कळली तेव्हा मी ठाण्यात पेढे वाटले.

खबर कितीही पक्की वाटो, तिच्यातला शब्द ज्या गावचा, त्याच गावाला त्याचा अर्थ विचारावा, हे मी तिथं शिकलो.

अजूनही अधिक महिन्यात मावशींचा फोन येतो. "सायेब, धोंडे तयार हायेत. कवा हजर व्हताय?" मी जातो. वाटेत त्या पुलावर गाडी थांबवतो, खालून वाहणारं पाणी डोळे भरून बघतो आणि मग जावयाच्या थाटात हजर होतो.