मार्थाबाईंच्या घरी बसले ती संध्याकाळ

बाळांनो, फोनवर तुम्ही विचारता, आजी, चर्चचं काम कसं चाललंय? खरं सांगते, गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या कामावरचा माझा विश्वासच डळमळला होता. आपल्या मंडळीतल्या मार्थाबाईंचा मुलगा मिरकरवाडा बंदरातून मासेमारीच्या ट्रॉलरवर गेला आणि वादळात समुद्रात पडला. शरीर मिळालं नाही, म्हणून दफनविधी नाही. मार्थाबाईंनी अन्नाला हात लावणं सोडलं.

आपले पाळक, म्हणजे पाद्री, आजारी, म्हणून पुढारपण माझ्याकडे. मला सगळं नीटनेटकं लागतं, तुम्हाला ठाऊकच आहे. मी भेटींसाठी एक समिती केली, प्रार्थनेसाठी दुसरी, धीर देण्यासाठी तिसरी. मुलाच्या स्मरणाची उपासना आता घ्यावी की थांबावं, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. समित्या वेळेवर जात, बायबलमधलं वचन वाचत, शेजारणीने केलेला चहा पिऊन परतत. मार्थाबाई वाळत चालल्या होत्या. असंच राहिलं तर त्या जगणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

एका संध्याकाळी आम्ही तिघी जाणार होतो. एकीला ताप आला, दुसरीच्या घरी पाहुणे आले. मी एकटीच त्यांच्या गल्लीत पोचले. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्रभो, मला जमत नाही, असं मनात म्हटलं आणि दारातूनच मागे वळले.

समोरून एक अनोळखी बाई आली, हातात झाकलेलं भांडं.

"आजी, परत का चाललाव? ही पेज तेवढी तिला द्या. माझी पोरं वाट बघतायत."

भांडं माझ्या हातात देऊन ती गेलीसुद्धा.

मार्थाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आज कमिटी नाही आली?"

"नाही. मी एकटीच."

"मग तुम्ही काय करणार?"

"काही नाही. बसते."

मी बसले. बायबल पिशवीतच राहिलं. दिवेलागणीला त्यांनी मुलाचं नाव घेतलं आणि त्या रडू लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. नंतर भांडं स्वतःच ओढून घेतलं. पेज गार झाली होती. त्या थोडी प्यायल्या.

त्या बाईची मी पुष्कळ चौकशी केली, पण गल्लीत कुणालाच ती कोण ते सांगता आलं नाही. तिला पाठवणारा मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

आता आमच्याकडे समित्या नाहीत. ज्या घरी दुःख असेल, तिथे संध्याकाळी एकीने जायचं आणि बसायचं, एवढंच ठरलेलं आहे. मुलगा अजून मिळालेला नाही. मार्थाबाई उपासनेला येतात, गात मात्र नाहीत. मी त्यांना गा म्हणत नाही. तेही प्रभूच्या हाती सोपवलं आहे, आणि त्या माझ्या शेजारी बसतात याबद्दल दर रविवारी त्याचे आभार मानते.