साइडकारचा भाव

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, हातखंबा नाक्यावरच्या एका गॅरेजात, साइडकार जोडलेल्या जुन्या स्कूटरची किंमत बेचाळीस हजार सांगितली गेली. हजर चौघे : गॅरेजवाला, मी, माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी. देशाचे दिवस बरे की वाईट हे भावोजींच्या आधी कोणाला कळलंय, असं निदान रत्नागिरीत तरी घडलेलं नाही.

कचेरीत आकडे जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर आकडे कोणी देईना, म्हणून ते स्वतःच गोळा करू लागले. त्यांचं म्हणणं एकच. "तांदूळ माणूस मंदीतही घेतो. ज्याच्यावाचून अडत नाही ते घेतो का, ते बघायचं." दर रविवारी ते हातखंब्याला चहाच्या टपरीवर बसून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजत. साध्या नव्हेत, टपावर सायकल, तंबू नाहीतर लाटांवर खेळायची फळी बांधलेल्या. खेळाच्या दुकानात शिरून विकत काहीच न घेता चौकशी करत आणि बाहेर येऊन मला सांगत, "शटलं खपतायत, रॅकेटी नाहीत. लोक जुन्यावर भागवतायत. जपून राहा." माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलाचा पगार मी विचारला, यांनी विचारलं, "गिटारबिटार घेतलीय का हल्ली?" मुलाचे वडील घाबरून म्हणाले, "छे छे, आमचा मुलगा तसला नाही!" भावोजींनी मान हलवली. "म्हणजे त्याच्या कंपनीचं काही खरं नाही."

एवढा माणूस, पण स्वतःच्या घरात मजेची वस्तू म्हणून एक कॅरम बोर्ड, तोही बक्षीस मिळालेला.

ताईचे गुडघे गेलेले. स्कूटरवर मागे बसणं जमेना. तिला भाट्याच्या पुलावरून वारा खात जायचं होतं. मी म्हटलं, रिक्षा करू. तर म्हणाली, "रिक्षात मागे पाहुणीसारखी बसू होय? मला ह्यांच्या बाजूला बसून जायचंय." म्हणून ती साइडकार शोधलेली. त्या दिवशी गॅरेजात ती आत बसूनही बघितली तिने. पर्स मांडीवर घेऊन, समोर भिंत असताना, निघाल्यासारखी.

भावोजींनी मात्र वही काढली. "दोन महिने टपावरच्या सायकली कमी होतायत. मंदी आली की लोक पहिली हौसेची गाडी विकतात. ही तीस हजारांत मिळेल. थांब गो जरा."

"तुमची मंदी येईपर्यंत माझे गुडघे राहतायत का बघा!" ताई म्हणाली, आणि हात धरून उतरली. गॅरेजवालाही हसला. मीही हसलो, आणि हिशेब बरोबर आहे असं म्हणालोही. ते आता लिहून ठेवतो.

श्रावणात तिला ताप भरला. आठव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर भावोजी टपरीवर गेले नाहीत. दिवाळीनंतर एका सकाळी मला म्हणाले, "चल जरा." गॅरेजात गाडी तिथेच होती, सीटवर धूळ. गॅरेजवाला स्वतःहून म्हणाला, "काका, तुम्ही बोललात तसंच झालं. गिऱ्हाईकच नाही. तीस द्या आणि घेऊन जा."

भावोजींनी खिशातून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. त्याने आतले पैसे मोजले. "काका, हे बेचाळीस आहेत."

"तेवढेच."

"पण भाव आज तीसचा..."

"गुढीपाडव्याला बेचाळीस होता ना? पाडव्यालाच घ्यायची होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. भावोजींनी रुमालाने साइडकारची सीट पुसली आणि मला म्हणाले, "बस."

हातखंब्यापासून भाट्याच्या पुलापर्यंत कितीतरी गाड्या आमच्या पुढे गेल्या. त्यातल्या दोन गाड्यांच्या टपावर सायकली होत्या, मी पाहिल्या. भावोजींनी एकही मोजली नाही. दिले ते बेचाळीस हजार, रोख, गॅरेजवाल्याला.