मालकाच्या भिंतीतले खिळे

मी चौथीतून शाळा सोडली आणि संत्र्याच्या बाजारात लाकडी पेट्या ठोकायला लागलो. तोंडात खिळे धरायचे, एकेक जिभेने पुढे सारायचा आणि दोन घावांत बसवायचा. तिसरा घाव घालणाऱ्याला मी कारागीर मानत नाही, आजही नाही. असा मी, आणि आमच्या घरमालकाची अट काय, तर भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडरसुद्धा आम्ही खिडकीच्या गजाला बांधायचो.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. अंगणाच्या भोवती चार भाडेकरूंच्या खोल्या, मधोमध विहीर, पलीकडच्या कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक संडास. आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा बायकोला दिसत होतं. मग काचबिंदू झाला. डॉक्टरने सांगितलं, उशीर केला. दोन वर्षांत नजर पूर्ण गेली. स्वयंपाक ती वासावर करायची, भाकर कधी पलटायची ते माझ्यापेक्षा तिला चांगलं कळायचं. पण संडासला जायचं तर कोणाला तरी हाक मारावी लागे. शेजारणी चांगल्या होत्या, कधी कोणी नाही म्हटलं नाही. हिनेच पाणी पिणं सोडलं. नागपूरचा उन्हाळा, आणि माठ सकाळी भरलेला तो संध्याकाळी तसाच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी बाजारातून काथ्याची दोरी आणली. आमच्या दाराच्या खांबापासून सरळ अंगण कापून संडासाच्या चौकटीपर्यंत, कमरेइतकी उंच ताणली. विहिरीपाशी एक गाठ, मोरीपाशी दोन, संडासापाशी तीन. पहिल्या दिवशी ती एकटी गेली, एकटी आली. लोटा खाली ठेवला आणि म्हणाली, "द्या आता गिलासभर पाणी."

मालक संत्र्याचा व्यापारी. नरखेडकडच्या बागा घ्यायचा, बहारात मालाने भरलेली बैलबंडी अंगणातच येऊन उतरे. त्याने दोरी पाहिली.

"हे काय लावून राहिला गा? माही बंडी कुठून जाईन?"

"दोरीखालून."

"बैल वाकते काय दोरीखाली?"

"मंग तुमी शिकवा त्याले."

सगळं अंगण हसलं, मालक नाही. "खोली खाली कर," म्हणाला. "आंधळ्या माणसाले सांभाळाची जागा नाही हे."

मी कचेरीबाहेर बसणाऱ्या एका मुन्शीला विचारलं. तो म्हणाला, सरकारी परवानगीशिवाय तुला कोणी काढू शकत नाही. माझी छाती फुगली. निघता निघता विचारलं, "अन् दोरी?"

"दोरीचं कायद्यात काही नाही, बाप्पा."

म्हणजे खोलीत राहायचा हक्क होता, खोलीतून बाहेर पडायचा नव्हता.

मी दोरी सोडली नाही, मालकाने बंडी सोडली नाही. शेवटी असं ठरलं की बंडी आली की त्याचा हमाल दोरी सोडेल आणि माल उतरला की परत बांधेल. एका दुपारी त्याने दोरीचं टोक संडासाच्या चौकटीऐवजी विहिरीच्या रहाटाच्या खांबाला बांधलं. त्याला काय, जो खांब जवळ दिसला तो. ही निघाली. एक गाठ हाताला लागली, दुसरी येईचना, आणि गुडघा विहिरीच्या काठाला लागला. काठ ठेंगणा. ही तिथेच दोरी धरून खाली बसली आणि ओरडली.

मी बाजारातून आलो तेव्हा ती दारात बसलेली आणि मालक समोर उभा. शेजारणीने काय झालं ते सांगितलं, आणि मी हातातली हातोडी खाली न ठेवता त्याच्याकडे निघालो.

"तुमी चूप बसा," ती मला म्हणाली. मग त्याला, "भाऊ, मले कडेकडेनं, भितीभितीनं जाऊ द्या. फेरा पडते, पडू द्या. फकत खिळे ठोकू द्या, दोरी त्याले बांधू. तुमची बंडी बी मोकळी होईन."

"हे आधी काहून नाही सांगतलं?"

"मले इचारलं कोणं?" तिचं तोंड माझ्याकडे होतं.

खरं होतं. मी तिला विचारलं नव्हतं. कारण भिंतीने दोरी न्यायची तर मालकापुढे जाऊन खिळ्यांची परवानगी मागावी लागली असती, आणि ते माझ्याच्याने होत नव्हतं. बैलाचा विनोद करणं सोपं होतं.

मालकाने भिंतीवरून हात फिरवला. "किती खिळे?"

"अकरा. मी भीत हातानं मोजली हाय."

"मातीची भीत हाय वं बाई, पोपडे पडतीन."

"हे लिपून देतीन नं."

"बारावा दिसला तं पाहा," मालक मला म्हणाला, आणि स्वतःच दोरीचं वेटोळं उचलून आणलं.

ती तळवा भिंतीवर ठेवून जागा दाखवत गेली, मी ठोकत गेलो. मातीच्या भिंतीत दोन घावांत खिळा बसत नाही, माती फुटते. हलक्या हाताने सहा-सात घालावे लागतात. घातले. शेजाऱ्यांच्या दारांपाशी दोरी तोडली. तिथे तिने तीन पावलं मोजली आणि पलीकडचं टोक बरोबर धरलं.

सगळं झाल्यावर ती लोटा घेऊन निघाली. मी मागून निघालो.

"तुमी कुठं येऊन राहिले?" ती न थांबता म्हणाली.

मी थांबलो. मालकही थांबला, म्हणजे तोही निघाला होता. आम्ही दोघं विहिरीपाशी उभे राहिलो, एकमेकांकडे न पाहता, संडासाच्या दाराची कडी वाजेपर्यंत.