सगळ्या बाह्या डाव्या

कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा वहिनीने अंगातला स्वेटर काढून माझ्या हातात दिला. माझे दात थंडीने वाजत होते आणि तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. बसमध्ये खिडक्या बंद, जीव घुसमटतो, म्हणून ती हल्ली कामावरून चालतच येते. त्या दिवशी तिच्या मालकीणबाईंचा फोन आला, म्हणून मी तिला आणायला गेले होते.

"वन्सं, घाला की तो. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

माझी वहिनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. थरावर थर रचायचे, वरच्यावर खडूने आखायचं आणि यंत्राची सुरी फिरवायची. इतक्या वर्षांत तिचा हात चुकला नव्हता. गेल्या वर्षी गाठी निघाल्या म्हणून पिशवी काढली, दोन्ही अंडाशयंही काढावी लागली. वय बेचाळीस. "सुटलीस बाई कटकटीतून," असं जो तो म्हणाला. पाळी जाताना इतर बायकांच्या अंगावर जे हळूहळू येतं, ते तिच्यावर एकदम कोसळलं. झोप उडाली. साध्या बोलण्यावरून डोळे भरून यायला लागले.

बाह्या कापताना एक थर सुलटा, त्यावरचा उलटा घालायचा असतो, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते. त्या दिवशी तिने सगळे थर सुलटेच घातले. अख्खा गठ्ठा डाव्या बाह्यांचा निघाला.

"शिवणाऱ्या बायका म्हणाल्या, या शाळेत पोरांना दोन्ही हात डावेच दिसतात!" वहिनी सांगत होती. "मीही हसले. आणि मग कापायच्या टेबलाखाली बसून रडले. मालकीणबाई घाबरल्या बिचाऱ्या."

"अगं, कापड काय, परत आणता येईल."

"कापडासाठी रडले होय मी?" ती थांबली. रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. "तुमचे दादा बाहेरच्या खोलीत झोपतात."

मी स्वेटर अंगाभोवती ओढून घेतला आणि आम्ही पुन्हा चालू लागलो.

"त्यांनी हात लावला की मी झटकते. अंगाची आग होते. आणि जवळ आले तर दुखतं, वन्सं, फार दुखतं. हे कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना वाटतं, ते मला नकोसे झालेत. परवा उशी उचलली आणि गेले. एक शब्द नाही. मला हवेत हो ते."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालत राहिले. तिच्या ते लक्षात आलं असावं.

"माझ्यासाठी मागता का कधी त्याच्याजवळ?"

"रोज मागते."

"काय मागता?"

"तुला शांती मिळू दे म्हणून."

"शांती कशाला? घरात आहे की ढीगभर! आमची पूर्वीची भांडणं परत दे म्हणावं."

हसता हसता तिला रडू आलं. पदराने तोंड पुसून ती पुढे म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, यावर औषध आहे, आराम पडेल. पण नवऱ्याला घेऊन या. हे दारापर्यंत येतात आणि बायकांचं आहे म्हणून बाहेर उभे राहतात."

घराची गल्ली आली तशी तिने माझं मनगट धरलं.

"सोमवारी तुम्ही चला आमच्याबरोबर. त्यांना आत आणून खुर्चीवर बसवा. काय सांगायचं ते डॉक्टरीणबाई सांगतील. तुम्ही फक्त त्यांना मधेच उठून जाऊ देऊ नका."