दादांनी खुडलेले फुटवे

आपल्या अंगणात पिकवलेल्या भाजीत दुरावलेली माणसं जवळ आणण्याचं सामर्थ्य असतं. हे वाक्य मीच ब्रसेल्स स्प्राउट्सच्या बियांचं पाकीट फोडताना बायकोला ऐकवलं होतं. ("अन् माझी अंबाडी उपटली ती?" एवढंच ती म्हणाली.)

दुरावलेलं माणूस म्हणजे माझे थोरले भाऊ, दादा. बाळापूरकडं आमची शेतं लागून आहेत. मधला बांध दर नांगरटीला माझ्या बाजूला सरकायचा, म्हणून आमचं तीन वर्षं बोलणं बंद. शेवटी बायकोनंच फोन करून त्यांना कळमनुरीला आमच्या घरी जेवायला बोलावलं. भाजी कोणती, हे मी ठरवलं!

चार महिन्यांत रोपं कमरेएवढी झाली होती. खोडाला खालपासून वरपर्यंत बोराएवढे कोबी लगडले होते. जेवणाच्या दिवशी सकाळी मी दही घेऊन परतलो, तर दादा वाफ्यात उभे! घामाघूम, हसतमुख. आणि खोडं? सोलल्यासारखी गुळगुळीत!

"दादा, हे काय केलं?"

"अरे, कोबीचा सारा दम फुटव्यात चालला व्हता. समदे खुडले. आता बघ, वर हा असा गड्डा धरतो!" त्यांनी हातांनी परात दाखवली.

"तेच तर खायचे असतात!"

"फुटवे? काहून? कोबी न्हाई मिळत का तुमच्याकडं?"

"टाकले कुठं?"

"शेजारच्या बकरीपुढं."

इथं हसलो असतो तर भागलं असतं. दारातून बायको 'गप बसा' अशी खूण करत होती. पण मी पडलो वाचणारा माणूस, नको तेव्हा नेमकं वाक्य सुचतं. "तुमी हात लावला की दुसऱ्याचं काही उरतं का? बांध बी असाच साफ केला!"

दादांनी हाताची माती झटकली. "येतो मी."

"भाऊजी, दोन घास तरी..." बायको पुढं झाली.

"पोट भरलं, बाई." चपला घालून ते स्टँडकडं निघाले.

"तीन वर्षांनी माणूस अंगणात आलं," बायको म्हणाली, "अन् तुमी पाल्यापायी घालवलं!"

"पाला न्हाई, स्प्राउट्स!" (हो, तेव्हासुद्धा मी दुरुस्ती केली.)

मग मी शेजारी जाऊन ते परत वेचून आणले. बायकोनं धुऊन लसूण आणि शेंगदाण्याच्या कुटात परतले. कडू जहर!

"कशी झाली?"

"फार छान," म्हणत मी दोनदा वाढून घेतली.

बकरीनं त्यातल्या एकालाही तोंड लावलं नव्हतं.