एक राहिलं, फादर

मला एका जागी बसवत नाही. सेमिनरीत धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत असताना वडीलधारे फादर म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. साठी उलटली तरी तीच गत. चर्चमधली सकाळची मिस्सा संपली की मी स्कूटर काढतो, आज तहसील कचेरी, उद्या मोर्चा. "फादर, तुम्हाला कशाला हव्यात या भानगडी?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "आज तुमच्या नळाला पाणी आलं का?"

त्या वर्षी आम्ही बावखलांच्या मागे लागलो होतो. बावखल म्हणजे वाडीतलं खोदीव तळं, उन्हाळाभर केळी आणि पानवेली जगवणारं. लोक त्यांत भराव टाकून इमले उठवत होते. बुजणाऱ्या बावखलांची यादी करायची आणि रविवारच्या सभेत मालकाच्या नावासकट वाचायची, ही कल्पना माझीच. लाज वाटल्याशिवाय माणूस थांबत नाही, असं मी तावातावानं सांगत फिरायचो.

गुरुवारी यादी हातात आली. अकरावं बावखल आमच्या घरचं होतं.

तसाच घरी गेलो. काठावर लाल मातीचा ढीग पडलेला, आणि थोरला भाऊ ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसलेला.

"दादा, हे काय चाललंय?"

"पोरगा विरारला भाड्यानं राहतो. दोन लेकरं आहेत त्याला. इथं घर बांधून देतोय."

"बावखल बुजवायचं नाही. माझाही हक्क आहे त्यावर!"

तो उठला. आत जाऊन बिस्किटांच्या डब्यातून एक कागद घेऊन आला. माझं हक्कसोडपत्र. धर्मगुरू झालो त्या वर्षी केलेलं. चर्चची तशी सक्ती नव्हती, हौस माझीच. न वाचता सही ठोकली होती, आणि पहिल्या मिस्सेच्या जेवणावळीत लोकांनी माझ्या त्यागाचं कौतुक केलं तेव्हा मूठभर मांसही चढलं होतं.

"वाडी मी शिंपली, गुडघे माझे गेले," तो म्हणाला. "तुम्ही सही करून मोकळे झालात, फादर."

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, आणि भाऊ भावाला तुम्ही म्हणत नाही. तो माझ्याशी चर्चमधली मराठी बोलला. मला कागदापेक्षा ते जास्त झोंबलं.

पुढचे दोन दिवस मी धुसफुसतच होतो. चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्यावर उगाच खेकसलो. मिस्सेत पापांची कबुली देताना सगळे छातीवर हात मारतात, तिथं मी घाईघाईनं पुढं सरकलो.

रविवारी शाळेचं सभागृह भरलं होतं. आमचे लोक, शेजारचे हिंदू वाडीवाले, टँकरला कंटाळून एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतून आलेली माणसं. मी एकेक नाव वाचत गेलो. दहावं वाचलं आणि पुढचं म्हणून बारावं वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही असं वाटलं.

तिसऱ्या रांगेत गुडघ्यावर हात टेकत दादा उभा राहिला.

"एक राहिलं, फादर."

रागवावंसं वाटत होतं, पण कुणावर रागवायचं ते कळेना. मी अकरावं बावखल वाचलं. मालक म्हणून त्याचं नाव घेतलं, आणि त्याच्यापुढं माझं. "यानं ते सांभाळलं, मी न वाचता सोडून दिलं," एवढं कसंबसं बोललो. टाळी कुणी वाजवली नाही.

बावखल पुढच्याच महिन्यात बुजलं. त्यावर पुतण्याचं घर उभं राहिलं, चांगलं हवेशीर आहे. सणावाराला मला जेवायला बोलावणं असतं. तिथंही मला बसवत नाही. जेवण झालं की उठतो आणि आपलं ताट आपणच धुवायला मोरीकडे निघतो.

"राहू द्या, फादर," दादा खाटेवरून म्हणतो. "तुम्ही पाहुणे."